शंभरातले एकेचाळीस

नंदनवन, नागपूर
गुरुवार, दुपार

प्रिय दामिनी,

पाकिटावरचं अक्षर तू लगेच ओळखशील आणि बहुतेक ते टेबलाच्या खणात टाकशील. टाक, पण शनिवारच्या आधी उघड, एवढंच म्हणणं आहे. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या कॉलेजात पीकशास्त्राच्या अकरावीचे प्रवेश बंद होतात. वीस मुलं झाली नाहीत तर तुकडी कायमची बंद, असं प्राचार्यांनी मला लेखी दिलं आहे. एकोणीस झालीत. विसावा अर्ज सोमवारपासून माझ्या बॅगेत आहे. त्यावर पालकाची सही तेवढी राहिली आहे, आणि तो अर्ज तुझ्या धाकट्या बहिणीचा, काजलचा आहे. तुला चार वेळा फोन लावला, तू उचलला नाहीस. राग नाही. माझा फोन मीही उचलला नसता. म्हणून हे लिहून उद्या स्वतः खापरखेड्याला येणार आहे आणि तुझ्या ऑफिसच्या गेटवर देऊन परत फिरणार आहे. आत येऊन तुझ्यासमोर उभं राहण्याची माझी हिंमत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तुझ्या सरांची सध्या काय दशा झाली आहे ते ऐक, म्हणजे तुला थोडं हसू तरी येईल. दहावीचा निकाल लागल्यापासून मी मुलं शोधत फिरतो आहे. नंदनवनातल्या एकूण एक शाळेत जाऊन आलो. शिपाई आता मला लांबूनच ओळखतात आणि हेडमास्तर मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांगतात. मागच्या आठवड्यात तर बर्डीच्या बाजारात, मेट्रोच्या जिन्याखाली, हातात पत्रकं घेऊन उभा होतो. पंचावन्नाव्या वर्षी, डोक्याला दुपट्टा बांधून. माझ्या एका बाजूला मोबाइलचे कव्हर विकणारा आणि दुसऱ्या बाजूला डॉक्टर-इंजिनिअर करून देणाऱ्या क्लासचा भलामोठा फलक. एका बाईंनी पत्रक घेतलं, मन लावून वाचलं आणि विचारलं, "याच्यात पॅकेज किती भेटते सर?" मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी पत्रकाची सुबक घडी करून माझ्याच हातात परत दिली. तीन वर्षं नोकरी उरली आहे, दामिनी. तुकडी गेली की मी अतिरिक्त ठरणार, मग कुठल्या तरी शाळेत रजेवरच्या मास्तरांचे तास घेत बसायचं. कॉलेजच्या मागचा आपला तो चार गुंठ्यांचा तुकडा, जिथं तुम्ही पोरं हरभरा लावायचात आणि हिरवाच खाऊन टाकायचात, तिथं गाड्यांचं पार्किंग होणार. परवा दोन माणसं येऊन फीत लावून मोजूनही गेली. मला जेवण जात नाही आणि घरात कुणी साधं काही विचारलं तरी मी अंगावर धावून जातो. तू म्हणशील, सर तर आधीपासूनच असे होते. असेन, पण आता घाबरल्यामुळे आहे.

मुलं कृषी विषय का घेतात, हे मी इतक्या वर्षांत कुणापेक्षाही जास्त वाचलं असेल. पहिल्या दिवशी चिठ्ठी लिहायची आपली पद्धत तुला आठवत असेल. "मी हा विषय का घेतला" असं एका ओळीत लिहायचं, घडी करून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची, आणि बारावीच्या निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून उघडायची. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत "मार्क भेटते" एवढंच असतं. दोनशे मार्कांचा विषय, बायोलॉजी सुटतं, दुसरी भाषा सुटते, प्रॅक्टिकल सोपं. कुणी लिहितं, मित्रानं घेतला म्हणून. कुणी लिहितं, बाबांच्या नावावर सातबारा आहे, पुढे कृषीच्या प्रवेशात जादा मार्कांच्या कामी येतो. कुहीच्या एका पोरानं लिहिलं होतं, "शेतकऱ्याले पोरगी देत नाही, कृषी पदवीधराले देते." मी त्या वर्षी पोट धरून हसलो होतो. आता हसू येत नाही, कारण तोच एक जण खरं बोलला होता. आणि बाकीच्यांना तसं लिहायला मीच शिकवलं होतं. दर जूनमध्ये शाळाशाळांतून जाऊन मी काय सांगत असे? माती, पाणी, बियाणं? छे. "पीकशास्त्र घ्या, दोनशेपैकी एकशे नव्वद कुठं गेले नाहीत." असं सांगून तुकडी भरली आणि पगार घेतला.

तुझी चिठ्ठी माझ्याजवळ आहे. निरोपाच्या दिवशी तू आली नाहीस, म्हणून ती मी मागून एकट्यानं उघडली. "आमच्या वावरात जे उगवते ते काहून उगवते आणि जे नाही उगवत ते काहून नाही, हे मले पाहाचं आहे." तुझ्या गिचमिड अक्षरात, खाली नाव आणि नावाखाली रेघ. तोपर्यंत मी तुझं व्हायचं ते नुकसान करून बसलो होतो. त्याबद्दल सात वर्षांत एक अक्षर बोललो नाही. आज बोलतो.

आधी ब्याण्णव या आकड्याचं सांगतो, कारण ते तुलाही पूर्ण माहीत नाही. बियाण्याची उगवण तपासायची म्हणजे ओल्या बारदान्यावर, म्हणजे गोणपाटावर, शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडायचं आणि सातव्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजायचे. लहान पोरानंही करावं असं काम. माझ्या पहिल्या बॅचला अस्मिता नावाची मुलगी होती. तिनं मोजले, ब्याण्णव निघाले. खरेच होते, मी स्वतः पाहिले होते. तिची वही सुंदर होती, आकृत्या छापल्यासारख्या, म्हणून पुढच्या वर्षी मी ती नमुना म्हणून दाखवली. त्याच्या पुढच्या वर्षी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तिची प्रतच मिळायला लागली. तेव्हापासून दरवर्षी, दर वहीत, प्रयोग सातवा, उगवण ब्याण्णव. बियाणं कोणतंही असो, पाऊस कसाही पडो, बारदाना ओला झाला असो की कपाटातून निघालाच नसो, आपल्या कॉलेजात ब्याण्णवच दाणे उगवायचे. मी सह्या करायचो. एका तासात तीस वह्या व्हायच्या, चहा निवायच्या आत.

आणि मग तू आलीस. घरच्या सोयाबीनचे दाणे ओढणीच्या गाठीत बांधून आणलेस आणि खरंच बारदाना मागितलास. शिपायाला तो शोधायला अर्धा दिवस लागला. सातवा दिवस रविवारी येत होता आणि कॉलेज बंद असणार होतं, म्हणून शनिवारी ती ओली गुंडाळी पिशवीत घालून तू एसटीनं गावाला नेलीस, घरी मोजलीस आणि सोमवारी वहीत लिहून आणलंस, शंभरातले एकेचाळीस. मी वर्गासमोर ती वही धरली आणि म्हणालो, दामिनी, बियाण्याला फिरायला नेलं होतंस का? वर्ग खदाखदा हसला. तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "सर, मागच्या दिवाळीच्या पावसानं गंजी भिजली होती, बियाणंच खराब आहे. तुम्ही पाहा नं एकदा." मी पाहिलं नाही. एकदा बारदाना उघडून पाहायला मला काय लागणार होतं? दहा मिनिटं. पण बाकीच्या एकोणतीस वह्या सह्यांसाठी टेबलावर पडल्या होत्या. तुझे एकेचाळीस खरे धरले तर त्या सगळ्या खोट्या ठरत होत्या, आणि त्यांच्याखालची माझी सहीही.

पुढचं तू कधी बोलली नाहीस, पण तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. त्याच आठवड्यात तुझे बाबा, धोंडबा, कॉलेजात आले. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपला काढून उभे राहिले, मी आत या म्हटलं तरी येईनात. म्हणाले, "पोरगी म्हणते घरचं बियाणं पेरू नका, ते उगवत नाही. शेजारी तं पेरून राहिले. काय करू सर?" आत मुलं होती, कान टवकारून. मी हसून म्हटलं, अहो, तिनं गुंडाळी एसटीत हिंदकळत नेली, तिचं मोजणं चुकलं. पेरा बिनधास्त. तुझ्या बाबांच्या चेहऱ्यावर काय सुटकारा दिसला! "सर म्हणते तं बरोबरच असन," असं म्हणून त्यांनी चपला घातल्या आणि गेले. ते वाक्य माझ्या कानात इतकी वर्षं आहे. दाणे मी पाहिले नव्हते, वावर पाहिलं नव्हतं, आणि ज्या माणसाला स्वतःच्या पोरीचं पटत होतं त्याला मी तिच्यावर अविश्वास ठेवायला लावलं.

त्या साली तुमच्या वावरात सोयाबीन तुरळक उगवलं, मध्ये हातभर मोकळी जागा. दुसरं बियाणं मिळेपर्यंत वेळ निघून गेली आणि वावर तणानं भरलं. हे मला प्रीतमकडून कळलं, तुझ्याच गावचा, तुझ्याच वर्गातला. तू मात्र रोज वर्गात आलीस, पहिल्या बाकावर बसलीस, प्रश्न विचारलेस. एकदा तरी भांडली असतीस, पोरी! फेब्रुवारीत प्रॅक्टिकलची परीक्षा झाली तेव्हाही तुझ्या वहीत एकेचाळीसच होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तुझी वही उचलली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, बाकीच्यांचं ब्याण्णव आणि हिचं एकेचाळीस, यात खोटं कोण? मला बोलायला अर्धं मिनिट मिळालं होतं. मी लाल पेन घेतलं, तुझ्या एकेचाळीसवर आडवी रेघ मारली, "निरीक्षण चुकीचे" असं लिहिलं आणि सही केली. चार मार्क गेले. कृषी महाविद्यालयाची यादी लागली तेव्हा तू अडीच मार्कांनी बाहेर राहिलीस. मी ती यादी पुन्हा पुन्हा पाहिली आहे, अडीचच. पुढच्या वर्षी पुन्हा बसता आलं असतं, पण वावरानं मागच्या साली काही दिलं नव्हतं, घरात कुणीतरी कमावतं हवं होतं, आणि तू खापरखेड्याला वीज केंद्राच्या ठेकेदाराच्या ऑफिसात मजुरांचे गेटपास लिहायला बसलीस. ज्या पोरीला दाणा का उगवत नाही ते पाहायचं होतं, ती दिवसभर नाव, वय, आधार नंबर लिहिते. दाखला न्यायला आलीस तेव्हा वाकून नमस्कार केलास आणि पार्वतीबाईंनी दिलेल्या शेवयांचा डबा माझ्या टेबलावर ठेवलास. तुझ्या आईच्या त्या शेवया मी घरी नेऊन खाल्ल्या, दामिनी. तूप-साखर घालून खाल्ल्या. असा माणूस आहे मी.

आता सोमवारचं. दुपारी काजल आली, सोबत तुझे बाबा. मी तिला ओळखलंच नाही. तुझ्यापेक्षा उंच झाली आहे, पण भुवया तशाच, वाद घालायला तयार. दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के, क्लासवाले घरी येऊन गेले म्हणे, तरी तिला पीकशास्त्रच हवं. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "ताईले सांगू नका सर, ताई म्हणते शेतीच्या नादी लागशीन तं माह्याशी बोलू नको." तू असं म्हणालीस यात मला काही नवल वाटलं नाही. मी तिला नियमाप्रमाणे चिठ्ठी लिहायला दिली. तिनं लिहिली, घडी घातली, डब्यात टाकली. माझं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. माझ्या डोक्यात एकच आकडा घुमत होता, वीस. वीस झाले! मी अर्ज पुढं केला, सहीच्या जागी पेन्सिलनं फुलीसुद्धा मारली, म्हणजे त्यांना शोधावं लागू नये. तुझे बाबा आता थकले आहेत गं, हात थरथरतात. त्यांनी पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहून हसत म्हणाले, "इथंच करू नं सही? तुम्ही म्हणता तं बरोबरच असन सर."

मी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं. अर्जात एक चूक आहे, शनिवारी या, असं सांगितलं. पुन्हा खोटंच. ते बिचारे बरं म्हणाले आणि दोघं एसटी पकडायला गेले. तेव्हापासून अर्ज माझ्या बॅगेत आहे आणि मी वेड्यासारखा झालो आहे. दिवसातून दहा वेळा वाटतं, गाडी काढावी, गावाला जावं, सही घ्यावी, त्यात काय एवढं, पोरीचीच इच्छा आहे. आणि दर वेळी ते दार डोळ्यासमोर येतं आणि दाराबाहेरच्या चपला. माझी तुकडी वाचवायला मी पुन्हा त्याच माणसाचा विश्वास वापरणार, पुन्हा त्याच घरातल्या पोरीवर? आणि नाही वापरला तर शनिवारी पाच वाजता सगळं संपलं. तीस वर्षांत मी खरं काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर दाखवायला माझ्याजवळ फक्त वह्यांचे गठ्ठे आहेत, सगळ्यांत ब्याण्णव. दुसरी कुणी मुलगी, दुसरा कुणी मुलगा शोधायला मी काल दिवसभर पुन्हा फिरलो. कुणी मिळालं नाही.

काल घरी आल्यावर मी नियम मोडला आणि काजलची चिठ्ठी उघडली. खरं सांगतो, मला आशा होती की तिनंही "मार्क भेटते" असंच लिहिलं असेल, म्हणजे माझं ओझं कमी झालं असतं. ती चिठ्ठी आणि बिनसहीचा अर्ज, दोन्ही या पाकिटात घातले आहेत. तिनं लिहिलंय, "त्या रविवारी ताईसंग मी भी मोजले होते, बोट लावून. दोनदा मोजले. एकेचाळीसच होते. सरांनी तिच्या वहीत चूक लिहिलं. मले शिकून सरांले ते पुन्हा मोजून दाखवाचं आहे." नऊ वर्षांची होती ती तेव्हा. ती माझ्या भरवशावर आलेलीच नाही, मला खोटं पाडायला आली आहे, आणि इतक्या वर्षांच्या डब्यात यापेक्षा चांगलं कारण मला सापडलं नाही. तिच्यासमोर, सगळ्या वर्गासमोर, मला खोटं पडायचं आहे. पण ते मागायचा हक्क मी घालवला आहे. तुझी वही मी तेव्हा परत केली नव्हती, तीही सोबत आहे. सातव्या प्रयोगावरची लाल रेघ खोडता येत नाही, म्हणून तिच्या शेजारी "निरीक्षण बरोबर, चूक माझी" असं लिहून आजची तारीख घातली आहे. बाबांना काही सांगायचं असेल तर तू सांग, तुझं ते ऐकतील. नको असेल तर अर्ज फाडून टाक, मी कुणाला काही विचारणार नाही आणि तुकडी एकोणिसावर बंद होऊ देईन. सहीच्या जागी मी पेन्सिलनं फुली मारली होती, ती खोडली आहे.

तुझाच,
विश्वनाथ सर